बुद्धिमापनाच्या अहवालातले पाच आकडे आणि गणिताचे मार्क

मुलाची बुद्धिमत्ता चाचणी करून घेतली की काही दिवसांनी चार-सहा पानांचा अहवाल हातात पडतो. भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, तर्कशक्ती, कार्यस्मृती आणि कामाचा वेग असे पाच रकाने, प्रत्येकापुढे एक आकडा. समजा ११२, १०४, १०९, ८६ आणि ९१. शेवटी एक ओळ: एकूण बुद्ध्यंक सरासरी पातळीवर. गोंधळ इथेच सुरू होतो. बुद्धी ठीक आहे, तर गणितात निम्मे मार्क का जातात? आळस म्हणायचा, की लक्ष नाही म्हणायचं? आणि ज्याचा अहवाल याहून साधा आहे असं दुसरं एखादं मूल गणितात पुढे कसं?

'डोकं असेल तर गणित येतं' ही समजूत पूर्ण खोटी नाही. पण ती इतकी ढोबळ आहे की तिचा उपयोग कुणालाच होत नाही. मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतं आणि त्या पायरीला कोणती क्षमता लागते, हे कळलं तर मात्र पुष्कळ काही करता येतं.

## आधी आकडे वाचू

सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच्या वेक्स्लर चाचणीची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. वरचे पाच रकाने तिचेच. यातला १०० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ या पट्ट्यात असतात. त्यामुळे ८६ म्हणजे शंभरपैकी ८६ मार्क नव्हेत, आणि नापासही नव्हे. त्या वयाच्या मुलांत हे मूल या एका बाबतीत मधल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आहे, इतकंच तो आकडा सांगतो.

शिवाय मोजमापात चूक असतेच. तीच चाचणी पुन्हा घेतली तर आकडा काही गुणांनी वरखाली होतो. म्हणून चांगल्या अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी पल्ला, म्हणजे खरा आकडा बहुधा कुठून कुठपर्यंत असेल ते, दिलेला असतो. पल्ला न पाहता १०४ आणि १०९ मधल्या फरकावर चर्चा करण्यात अर्थ नाही. १०९ आणि ८६ मधला फरक मात्र विचार करण्याजोगा आहे.

## 'संबंध आहे' म्हणजे किती?

दोन गोष्टी किती बरोबरीनं वाढतात-घटतात हे सहसंबंधाच्या आकड्यानं सांगतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जोडी. कार्यस्मृती (माहिती डोक्यात धरून काम करण्याची क्षमता, तिच्याबद्दल पुढे) आणि गणित यांच्यावरच्या ११० अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ साली पेंग आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा हा आकडा ०.३५ निघाला.

०.३५ ऐकून काहीच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो मुलांच्या संख्येत मांडू. कार्यस्मृतीत वरच्या अर्ध्या भागात असलेली १०० मुलं घेतली, तर त्यातली साधारण ६१ गणितातही वरच्या अर्ध्या भागात सापडतील आणि ३९ खालच्या. संबंध मुळीच नसता तर हे प्रमाण ५०-५० झालं असतं. म्हणजे संबंध खरा आहे, पण या एका आकड्यावरून एखाद्या मुलाचं गणिताचं भवितव्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सगळ्या क्षमतांचा मिळून एकूण आकडा घेतला तर चित्र बदलतं. इंग्लंडमधल्या सत्तर हजारांहून जास्त मुलांची अकराव्या वर्षी क्षमता चाचणी झाली होती आणि सोळाव्या वर्षी राष्ट्रीय परीक्षा. इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दोन्हींची सांगड घातली. गणिताच्या गुणांमधल्या फरकांपैकी जवळपास ५९ टक्के भाग पाच वर्षं आधी मोजलेल्या सर्वसाधारण बुद्धिमत्तेशी जुळला. सगळ्या विषयांत गणिताचाच आकडा सर्वांत मोठा. कला विषयात तो १८ टक्के होता. शंभर मुलांच्या हिशेबात सांगायचं तर वरच्या अर्ध्यातली ७८ वरच राहतात आणि २२ खाली येतात. ७८ नाकारून चालत नाही आणि ते २२ जण विसरूनही चालत नाही.

पण हा एकूण आकडा शिक्षकाला किंवा पालकाला करायला काहीच देत नाही. कामाचं सगळं त्याच्या आत आहे.

## पाटी लहान, काम मोठं

कार्यस्मृती म्हणजे माहिती डोक्यात धरून ठेवून त्याच वेळी तिच्यावर काम करण्याची क्षमता. आकड्यांची मालिका ऐकून तशीच म्हणून दाखवणं सोपं; ती उलट क्रमानं म्हणायची तर ही क्षमता पणाला लागते. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिची रचना मांडली. ऐकलेलं काही सेकंद घोळवत ठेवणारा एक भाग, दिसलेलं धरून ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा तिसरा. हिला आपण एक छोटी पाटी म्हणू. जागा थोडी, नवं लिहायचं तर जुनं पुसावं लागतं, आणि लक्ष हटलं तर लिहिलेलं आपोआप पुसट होतं. नेल्सन कॉवन यांच्या २००१ सालच्या अंदाजानुसार मोठ्या माणसाच्या पाटीवरही एका वेळी चारच्या आसपास गोष्टी मावतात. लहान मुलांच्या पाटीवर त्याहून कमी. किशोरवयापर्यंत ती हळूहळू वाढते.

आता ४७ गुणिले ६ तोंडी करून पाहा. चाळीस सक दोनशे चाळीस, हे पाटीवर ठेवलं. सात सक बेचाळीस. मग २४० परत वाचायचे, त्यात ४२ मिळवायचे, २८२. ज्याला सात सक बेचाळीस झटकन आठवतं त्याच्या पाटीवर फार गर्दी होत नाही. ज्याला आठवत नाही ते मूल ७, १४, २१, २८ असं मोजत जातं. इथे प्रत्येक पायरीला दोन गोष्टी धरून ठेवाव्या लागतात: कुठवर आलो ती संख्या, आणि कितव्यांदा मिळवलं तो आकडा. बेचाळीसपर्यंत पोहोचेतो २४० पुसलेले असतात. मग मूल "मघाशी किती आले होते?" असं विचारतं, किंवा काहीतरी लिहून मोकळं होतं. वहीत फक्त चुकीचं उत्तर दिसतं. गुणाकाराची रीत मुलाला पूर्ण कळलेली असते, आणि तपासणारा नेमकी तीच पुन्हा शिकवायला बसतो.

पाटी भरल्याच्या खुणा ओळखता येतात. उदाहरण बरोबर सुरू होतं आणि मध्येच भरकटतं. हातचा लिहिला जातो पण मिळवायचा राहतो. फळ्यावरचं ३८४ वहीत ३४८ होतं. तीन सूचना एका दमात दिल्या तर पहिली पाळली जाते आणि बाकीच्या हवेत विरतात. हे सगळं 'निष्काळजीपणा' या एका शब्दाखाली जातं, आणि तो शब्द वापरला की पुढे शोध घेणं थांबतं.

मराठी मुलांच्या पाटीवर एक जास्तीचं ओझं असतं. 'सत्तेचाळीस' ऐकताना सात आधी येतात आणि चाळीस नंतर. लिहिताना ४ आधी. जर्मनमध्येही क्रम असाच उलटा आहे. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी निम्म्याच्या आसपास चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. तेव्हा ४७ ऐवजी ७४ लिहिणाऱ्या मुलाला स्थानिक किंमत कळलीच नाही, असा निष्कर्ष लगेच काढू नये. ४७ लिहून दाखवून 'यात दशक किती' असं विचारावं. उत्तर बरोबर आलं तर अडचण ऐकून लिहिण्यात आहे.

## पाढे पाठ, तरी पाटी भरलेली

पाठांतर महत्त्वाचं की समज, हा वाद गणिताच्या शिक्षणात पुन:पुन्हा उकरला जातो. पाटीच्या बाजूनं पाहिलं तर तो बराचसा निरर्थक वाटतो. जे आयतं आठवतं ते पाटीवर जागा घेत नाही, आणि ती मोकळी जागाच समजायला लागते.

मात्र पाठ असणं आणि आठवणं वेगळं. 'सात एके सात'पासून सुरुवात करून सात आठी छप्पन्नपर्यंत येणाऱ्या मुलाला पाढा पाठ आहे, पण प्रत्येक वेळी ते आठ पायऱ्या चढतं आणि तेवढ्यात मूळ उदाहरण विसरतं. तपासायचं असेल तर क्रम मोडून विचारा: ७ गुणिले ८, ९ गुणिले ६, ४ गुणिले ७. सुमारे तीन सेकंदांत उत्तर आलं तर ते आठवलेलं आहे. जास्त वेळ लागला, ओठ हलले, तर बहुधा मोजलेलं आहे.

काम वाटतं तितकं मोठं नाही. २ ते ९ च्या पाढ्यांत २ ते ९ पटींपर्यंत ६४ गुणाकार आहेत. ७ गुणिले ८ आणि ८ गुणिले ७ एकच, हे मुलाला खरोखर पटलं असेल तर ३६ उरतात. दोनाचे आणि पाचाचे बहुतेक मुलांना येतात, ते वगळले तर २१. या एकवीसपैकी जे अडतात ते वेगळे काढायचे. रोज दोन-तीन नवे, जुन्यांत मिसळून, पाच-सात मिनिटं. कागदाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आधी आठवायचा प्रयत्न करायचा, मगच उलटायचं. उत्तर समोर ठेवून दहा वेळा वाचलं तर ओळख वाढते, आठवण पक्की होत नाही. आणि ज्याला ७ गुणिले ७ येतं त्याला त्यात ७ मिळवून ७ गुणिले ८ काढायला शिकवावं. आठवण दगा देते तेव्हा परतीची वाट लागते.

बोटांवर मोजण्याला उगाच बंदी घालतात. बोटं म्हणजे पाटीबाहेर लिहिलेली संख्याच. पहिली-दुसरीत ती हवीतच. लक्ष ठेवायचं ते मोजण्याच्या पद्धतीवर. ८ अधिक ५ साठी मूल आधी एकपासून सगळं मोजतं, मग आठाच्या पुढे पाच मोजतं, मग ८ अधिक २ अधिक ३ असं फोडतं, आणि शेवटी १३ नुसते आठवतात. रॉबर्ट सीगलर यांनी दाखवलं की मुलं या पायऱ्या एकामागून एक सोडत नाहीत. एकाच वेळी तीन-चार पद्धती वापरतात आणि त्यांचं प्रमाण बदलत जातं. चौथीतही मूल दर वेळी एकपासूनच मोजत असेल, तर बोटं दडवायला लावण्याऐवजी मधल्या दोन पायऱ्या शिकवायला हव्यात.

## संख्या किती मोठी, याचा अंदाज

सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक कळतो, ८ आणि १२ मधला कळत नाही, हे फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवलं. मोजता येण्याआधीची ही अंदाजाची जाण जन्मापासून दिसते, म्हणून हीच गणिताचं मूळ असेल, असं अनेकांना वाटलं. मुलांना स्क्रीनवर ठिपके दाखवून 'कुठे जास्त' विचारणारे खेळही निघाले.

पुढच्या मोजमापांनी हा उत्साह जरा उतरवला. २०१७ च्या एका एकत्रित आढाव्यात ठिपक्यांच्या तुलनेचा गणिताशी सहसंबंध ०.२४ निघाला. तीच तुलना अंकांची असेल, म्हणजे ६ मोठे की ९, तर ०.३०. आणि संख्यारेषेवर संख्या कुठे येईल याचा अंदाज घेतला तर २०१८ च्या आढाव्यानुसार ०.४४. वरच्याच हिशेबानं शंभरात ५८, ६० आणि ६५ मुलं. म्हणजे ठिपक्यांपेक्षा चिन्हाला किंमत जोडता येणं महत्त्वाचं ठरतं, आणि ते शिकवता येतं.

संख्यारेषेची तपासणी घरीही होते. कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटरची रेघ ओढा, एका टोकाला ०, दुसऱ्याला १००, मध्ये एकही खूण नाही. मुलाला १८ कुठे येईल ते विचारा. प्रत्येक संख्येसाठी नवी रेघ घ्या, नाहीतर मूल आधीच्या खुणेवरून अंदाज बांधतं. १८ ची जागा डावीकडून ३.६ सेंटिमीटरवर, ३७ ची ७.४ वर, ७२ ची १४.४ वर. लहान मुलं छोट्या संख्या ऐसपैस पसरतात आणि मोठ्या उजव्या टोकाला कोंबतात; १८ बरेचदा रेघेच्या मध्याजवळ जातात. सीगलर आणि जॉन ऑप्फर यांच्या २००३ च्या अभ्यासात दुसरीतली मुलं ० ते १०० च्या रेषेवर बऱ्यापैकी समान अंतरं ठेवत होती, पण ० ते १००० ची रेषा दिली की तीच मुलं पुन्हा जुन्या चुकीकडे वळत. सहावीतल्या मुलांना हजारचीही रेषा जमत होती. तेव्हा शंभरपर्यंत जमलं म्हणून काम झालं असं धरू नये.

अपूर्णांकांचंही असंच. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती येतो यावरून पाच-सहा वर्षांनंतरचं बीजगणित आणि एकूण गणित कसं असेल याचा अंदाज बांधता येतो, हे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोठ्या नमुन्यांवरून २०१२ साली दिसलं. बुद्धिमत्ता, कार्यस्मृती आणि घरचं उत्पन्न हिशेबात घेतल्यानंतरही हा संबंध टिकला.

## डोळ्यांसमोर आणणं

वस्तू मनात फिरवणं, घडी उलगडली तर आकार कसा दिसेल हे ओळखणं, म्हणजे अवकाशीय क्षमता. तिचा भूमितीशी संबंध असणार हे उघड आहे. पण ती साध्या अंकगणितातही लागते: संख्यारेषा मनात आणायला, शाब्दिक उदाहरणाचं चित्र काढायला, उभ्या मांडणीत एककाखाली एकक ठेवायला. मोठ्या भागाकारात अंक तिरके सरकत जाऊन चुकणाऱ्या मुलाला चौकटींची वही द्यावी, एका चौकटीत एक अंक. भागाकाराची रीत पुन्हा शिकवण्याआधी हे करून पाहायला काहीच लागत नाही.

ही क्षमता सरावानं वाढवली तर गणित सुधारतं का? स्वीडनमध्ये सहा ते आठ वर्षांच्या सुमारे १७ हजार मुलांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गणिताच्या सरावासोबत अवकाशीय सराव मिळालेल्या मुलांची प्रगती जास्त दिसली. २०२२ च्या २९ अभ्यासांच्या आढाव्यातही परिणाम मध्यमाहून कमी, पण खरा निघाला. मात्र २०१४ साली गाजलेला, एकाच ४० मिनिटांच्या सरावानं बेरीज-वजाबाकी सुधारल्याचा निष्कर्ष पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला पुन्हा मिळाला नाही. झटपट फळाची आशा ठेवू नये.

## पहिलं सुचलेलं उत्तर रोखणं

हा रकाना अहवालात नसतो, आणि गणितात तो रोज लागतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? 'चार मोठे' हे उत्तर आधी उसळी मारतं. ०.३ मोठे की ०.२५? 'पंचवीस मोठे.' पूर्ण संख्यांचा नियम वर्षानुवर्षं घोटलेला असतो, तो थोपवून नवा नियम लावायचा असतो. मोठी माणसंही इथे किंचित अडखळतात, फक्त सावरतात.

शाब्दिक उदाहरणात हेच दुसऱ्या रूपात येतं. "सईकडे ८ गोट्या आहेत. त्या ओमच्या गोट्यांपेक्षा ३ ने कमी आहेत. तर ओमकडे किती?" 'कमी' दिसलं की वजाबाकी, अशी सवय लागलेलं मूल ५ लिहितं, उत्तर ११ आहे. 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' अशा खुणेच्या शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं हीच सवय पक्की करतं. परीक्षेत त्या काही काळ कामी येतात, म्हणून टिकून आहेत. त्याऐवजी आकडे झाकून उदाहरण वाचायला लावावं आणि जास्त कुणाकडे आहे, एवढंच विचारावं. मग दोन आडव्या पट्ट्या काढायच्या, एक लांब, एक आखूड. आकडे त्यानंतर. इथे भाषेचा रकानाही कामाला येतो: वाक्य समजलं नाही तर पुढचं गणित कितीही येत असून फुकट.

कामाच्या वेगाबद्दल थोडक्यात. ९१ चा अर्थ मूल उशिरा समजतं असा नाही. त्या चाचणीत चिन्हं झटपट पाहून जुळवायची आणि लिहायची असतात, म्हणजे हाताचा वेगही मोजला जातो. हाच पेपर वेळेच्या बंधनाशिवाय देऊन पाहिला आणि गुण लक्षणीय वाढले, तर अडचण वेळेची आहे.

## मग पाटीच मोठी करू या ना?

मेंदूच्या व्यायामाची ॲप हेच आश्वासन देतात. आकडे लक्षात ठेवा, चौकोन लक्षात ठेवा, हळूहळू अवघड करत जा. २०१६ साली मोनिका मेल्बी-लेर्वोग, थॉमस रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा सरावाचे ८७ प्रकाशित अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळात आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या खेळांत सुधारतात. नीट तुलना केली तर अंकगणित, वाचन किंवा बुद्ध्यंक मात्र त्यानं वाढत नाही. तोच वेळ वर सांगितलेल्या एकवीस गुणाकारांना दिला तर गणितात दिसतो.

पाटी आहे तेवढीच धरून तिच्यावरचं लिखाण कमी करायचं, ही वाट जास्त भरवशाची आहे. मधली उत्तरं कागदावर उतरवायची. '४० सक २४०' बाजूला लिहिणं म्हणजे फसवणूक नव्हे. सूचना एका वेळी एक. नवी रीत शिकवताना आकडे सोपे घ्यायचे, म्हणजे रीत आणि अवघड गुणाकार एकदम अंगावर येत नाहीत. आणि सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं भरपूर द्यायची. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितात दाखवलं की नवशिक्यांना सगळी उदाहरणं स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा, एक सोडवलेलं वाचून लगेच तसंच एक करायला दिलं तर शिकणं लवकर होतं आणि चुका कमी होतात. पुढे शेवटची पायरी रिकामी ठेवायची, मग शेवटच्या दोन. रीत हातात बसली की ही मदत काढून घ्यायची. येत असलेल्या मुलाला ती कंटाळवाणीच नव्हे, अडथळ्याची होते.

## बुद्धी ठरलेलीच असेल, तर धडपड कशाला?

जर्मनीत साडेतीन हजार मुलांचा पाचवी ते दहावी असा दरवर्षी माग काढला गेला. कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली निष्कर्ष मांडला. सुरुवातीला कोण पुढे, हे बुद्धिमत्तेशी ठळकपणे जोडलेलं होतं. नंतरच्या वर्षांत कुणाचं गणित किती वाढलं, याच्याशी मात्र तिचा संबंध दिसला नाही. वाढ जोडलेली होती ती आपल्याला हे जमेल या विश्वासाशी, विषयातल्या स्वतःच्या रसाशी, आणि नवं जुन्याशी जोडून शिकण्याच्या सवयीशी. नुसती घोकंपट्टी करणाऱ्यांची वाढ कमी होती.

दुसरं म्हणजे बाण एकाच दिशेनं जात नाही. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ साली सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. शिक्षणाचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यंकात १ ते ५ गुणांची भर घालतं, असा त्यांचा अंदाज आहे. अहवालातला आकडा हा आजवरच्या शिकण्याचाही परिणाम असतो.

## भीतीचं काय?

काळजीही पाटीवरच लिहिली जाते. 'आता चुकणार', 'सगळ्यांचं झालं असेल' हे विचार जागा अडवतात आणि हातचा धरायला जागा उरत नाही. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली हा परिणाम प्रौढांवर मोजला. २०१३ साली पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये एक अनपेक्षित गोष्ट दिसली: भीतीचा फटका मोठी पाटी असलेल्या मुलांना जास्त बसतो. ती मुलं मनात फोड करून सोडवण्याच्या पद्धती जास्त वापरतात, आणि भीती नेमकी तीच जागा खाते. त्यामुळे घरी सगळं येणारं आणि पेपरात कोसळणारं मूल ढोंग करत असतं असं नाही.

## व्यवहारात चोख, वहीत शून्य

ब्राझीलमधल्या रेसीफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तसेच हिशेब कागदावर, संदर्भ नसलेली आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. पाच मुलं म्हणजे नमुना छोटा, पण दिल्ली आणि कोलकाता इथल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा, २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेला मोठा अभ्यासही तेच सांगतो. त्यात उलटी बाजूही दिसली: शाळेतली मुलं वहीत पुढे, पण बाजारातल्या हिशेबात मागे. क्षमता दोघांकडे होती, पण एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही. तोंडी फोड करून २३५ मधून ८७ वजा करणाऱ्या मुलाकडून तीच फोड कागदावर लिहून घ्यावी, आणि शेजारी उभी मांडणी करून दशक कुठे सुटा झाला ते दाखवावं.

## पुन्हा तपासणी कधी?

साधारण ३ ते ७ टक्के मुलांमध्ये डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या हाताळण्यातली खोलवरची अध्ययन अक्षमता असते. तिचं निदान एका चाचणीवरून किंवा एका वर्षाच्या मार्कांवरून करत नाहीत. नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकून आहे का, हे पाहतात. म्हणून या काळात काय केलं याची नोंद ठेवावी: कोणते गुणाकार घेतले, आठवड्यातून किती वेळा, कोणते अजून मोजूनच येतात. तज्ज्ञाकडे जाताना अहवालासोबत कच्च्या कामाची पानं न्यावीत, खाडाखोड आणि अर्धवट सोडलेल्या उदाहरणांसकट. मुलाला आधी सुवाच्य उतरवून काढायला लावू नये, कारण मूल कोणत्या पायरीवर सुटलं ते त्या खाडाखोडीतच दिसतं.